महापालिका जमीन घेते तेव्हा माती कोण बघतं?

गच्चीवरची बाग:

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले, कारण परवा वॉर्डातल्या बैठकीतून चडफडत घरी आले आणि घरात कुणाला त्यात रस नाही.

आमचं शहर मुंबईच्या पट्ट्यातलं. नाव लिहीत नाही, कारण अर्धी आळी इथे वाचते आणि उरलेली अर्धी पालिकेत कामाला आहे. आळीचा क्लस्टर पुनर्विकास, म्हणजे सगळ्या इमारती एकत्र पाडून नव्याने बांधणं, करायचं घाटतंय. त्यासाठी पालिका शेजारचा सव्वा एकराचा प्लॉट मूळ मालकाकडून घेणार. आधी तिथे संक्रमण शिबिर, ते हललं की बाग आणि अंगणवाडी. ऐकायला छान.

तर तो प्लॉट. वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत तिथे प्लेटिंगचे गाळे होते. नळाच्या तोट्या, सायकलची हँडलं, खुर्च्यांचे पाय, असलं सगळं चकचकीत करून द्यायचे. गाळे बंद झाले, पत्रे भंगारात गेले, भिंत राहिली. भिंतीला खाली एक भोक आहे. दर वर्षी पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत त्यातून येणारं पाणी पिवळं असतं. गढूळ नाही हं, पिवळं आणि नितळ. काचेच्या ग्लासात धरलं तर वाटेल कुणी सरबत केलंय. सासूबाई त्याला ‘कंपनीचं पाणी’ म्हणायच्या आणि त्यातून चालत आलेल्या पोरांना मोरीतच उभं करायच्या. पाय धुतल्याशिवाय आत नाही.

बैठकीत मी विचारलं, घेण्याआधी माती तपासली का? साहेबांनी फाईल चाळली, शेजारच्यांशी कुजबुजले आणि म्हणाले, “मॅडम, टायटल क्लिअर आहे.”

मला खरंच विचारायचंय. पालिका जनतेच्या पैशाने जमीन घेते तेव्हा त्या जमिनीत काय मुरलंय हे बघायचा काही नियम आहे का? असला तर कोणत्या टप्प्यावर? इथे पालिकेतले, वकील, बाहेरदेशी शहरांसाठी काम करणारे, सगळे आहेत. सांगा.

तिरकस:

नियम आहे. ज्याला पाय धुवायचेत त्याने घरी धुवावेत.

खडीचा ढीग:

मी एका महापालिकेत स्थापत्य विभागात एकतीस वर्षं काढली. मालमत्ता विभागाच्या फाइली हाताखालून गेल्या आहेत, तेव्हा जमेल तेवढं सांगतो.

आपल्याकडे पालिका ‘विकत घेते’ असं म्हणतात, पण रोख पैसे मोजून घेणं हा अनेक वाटांपैकी एक. विकास आराखड्यात आरक्षण असेल, म्हणजे जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली असेल, तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२६ खाली तीन मार्ग आहेत: वाटाघाटीने पैसे देऊन, पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारे बांधकामाचे हक्क) किंवा एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) देऊन, नाहीतर रीतसर भूसंपादन. त्यातला टीडीआरचा मार्ग पालिकेचा लाडका, कारण तिजोरीतून काही जात नाही.

फाइलीत काय काय बघतात? सातबारा किंवा मिळकत पत्रिका. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. संयुक्त मोजणी. अतिक्रमण किती, आरक्षण कशाचं, रस्ता किती मीटरचा, रेडीरेकनरचा दर काय. मालकाकडून लिहून घेतात की जमीन ‘भारमुक्त’ आहे. आणि इथेच गंमत आहे. भारमुक्त म्हणजे गहाण नाही, दावा नाही, कुळ नाही. जमिनीत क्रोम आहे की डांबर, हा ‘भार’ आपल्या महसुली भाषेत मोजलाच जात नाही. मालकीचा तीस वर्षांचा इतिहास आपण खणून काढतो. वापराचा एका वर्षाचाही नाही.

उलट एक नियम असा आहे की त्याने पुरावाच गाडला जातो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अट होती की टीडीआर हवा असेल तर मालकाने जमीन समतल करून, दीड मीटर उंचीची कुंपणभिंत घालून पालिकेच्या ताब्यात द्यायची. हेतू चांगला. प्रत्यक्षात समतल म्हणजे डेब्रिजचे डंपर आणि वर मुरुमाचा थर. आम्ही ताबा घ्यायला जायचो तेव्हा जमीन क्रिकेटच्या मैदानासारखी दिसायची. पंचनाम्यात लिहायचं ‘भूखंड समतल व मोकळा आहे’. मीही लिहिलंय. खाली काय आहे हे मीही विचारलं नाही.

आता घाईबद्दल. आरक्षणाला दहा वर्षं उलटली आणि जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो. पूर्वी पालिकेला सहा महिने मिळायचे, पुढे बारा, २०१५ पासून २४. त्या मुदतीत पावलं टाकली नाहीत तर आरक्षण उडतं. त्यामुळे नोटीस आली की सगळे धावत सुटतात, आणि धावणाऱ्या माणसाला मातीचा नमुना घ्या म्हणणं म्हणजे शिव्या खाणं.

पर्यावरण परवानगीबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. २००६ ची ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या तपासणीची, अधिसूचना बांधकामाला लागते, खरेदीला नाही. तेही वीस हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे. म्हणजे ती वेळ येईपर्यंत जमीन पालिकेची झालेली असते, आराखडे झालेले असतात, भूमिपूजनाला कोण येणार हेही ठरलेलं असतं. बाईंच्या अंगणवाडीला तर ती लागणारच नाही.

वांगणी लोकल:

वाचतेय. खडीकाका, ‘मीही लिहिलंय’ हे इतकं सरळ लिहिल्याबद्दल नमस्कार.

ब्युरेट:

रसायनवाला आहे, म्हणून आधी सावधगिरी. पिवळं म्हणजे क्रोमच असं नजरेने सांगता येत नाही. पण प्लेटिंगचे गाळे आणि नितळ पिवळं पाणी ही जोडी बघून षटसंयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमच्या विषारी रूपाचा, संशय नाही आला तर माझी पदवी परत करावी लागेल. प्लेटिंगच्या टाकीत क्रोमिक अ‍ॅसिड असतं. टाक्या गळतात, फरशी झिरपते, आणि हे रूप पाण्यात सहज विरघळतं म्हणून वर्षानुवर्षं पावसाबरोबर बाहेर येत राहतं. त्रिसंयुजी क्रोमियम बराचसा मातीला धरून बसतो, तो त्या मानाने गरीब भाऊ. षटसंयुजी मात्र कर्करोगकारक आहे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. डोळ्यांना पिवळं दिसायला लागेपर्यंत प्रमाण या मर्यादेच्या कितीतरी पट वर गेलेलं असतं. प्रयोगशाळेत डायफेनिलकार्बाझाइड टाकून बघतात, जांभळट गुलाबी रंग आला की आहे. आता कृपा करून तुम्ही बाटली घेऊन भिंतीशी उकिडव्या बसू नका. हातमोजे हवेत, बाटली कशी धुतली, नमुना किती वाजता घेतला, हे सगळं नोंदवलेलं हवं, नाहीतर पहिल्याच सुनावणीत तो नमुना बाद. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या माणसाला बोलवा, दोन शेजारी साक्षीदार ठेवा.

आणि आळीत कुणाची बोअर असेल तर ते पाणी आजपासून पिऊ नका. भांडीसुद्धा नकोत.

एरीकाठचा:

ओहायोतल्या एका छोट्या शहराच्या गृहनिर्माण विभागात काम करतो. माझं निम्मं काम हेच: शहर प्लॉट घेणार म्हटलं की आधी त्याची कुंडली मांडायची.

इथेही हे शहाणपण आपोआप आलं नाही. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहर आहे. तिथे हुकर केमिकल कंपनीने एका अर्धवट कालव्यात १९४२ पासून दहाएक वर्षं जवळपास २१ हजार टन रसायनं पुरली, वर माती ओढली आणि १९५३ मध्ये ती जमीन तिथल्या शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. एका डॉलरला! खरेदीखतात कंपनीने लिहूनही ठेवलं होतं की इथे रसायनं आहेत, पुढे काही झालं तर आमची जबाबदारी नाही. मंडळाने सही केली, शाळा बांधली, आजूबाजूला घरं उठली. १९७८ मध्ये तळघरांत काळा द्राव यायला लागल्याच्या तक्रारी राष्ट्रीय बातमी झाल्या, आणीबाणी जाहीर झाली, शेकडो कुटुंबं हलवावी लागली. ते लव्ह कनाल. त्यातून दूषित जागा साफ करण्यासाठीचा १९८० चा सुपरफंड कायदा आला.

त्या कायद्याची मेख अशी: आजचा मालक जबाबदार. विष तुम्ही ओतलं नसलं तरी. त्यामुळे सगळ्या खरेदीदारांची, बँकांची आणि नगरपालिकांची झोप उडाली. पुढे सूट ठेवली, २००२ मध्ये ती अधिक पक्की झाली, पण अट एकच: खरेदीच्या आधी योग्य ती सगळी चौकशी केली असेल तरच. ती कशी करायची याचे नियम २००६ पासून लागू झाले. त्यालाच आम्ही ‘फेज वन’ म्हणतो.

फेज वनमध्ये खणत नाहीत, हे लोकांना माहीत नसतं. एक प्रशिक्षित माणूस जुने कागद वाचतो, जागेवर फिरतो, जुन्या मालकांशी, शेजाऱ्यांशी, अग्निशमन दलाशी बोलतो. चौफेर एक मैलापर्यंत कुठे ज्ञात दूषित जागा आहेत का तेही बघतो. संशय आला तर फेज टू, तेव्हा बोअर घेऊन माती, पाणी, जमिनीतली वाफ तपासतात. आणि अहवाल शिळा होतो! मुख्य भाग १८० दिवसांपेक्षा जुने असले की पुन्हा करा.

माझी आवडती गोष्ट म्हणजे सॅनबॉर्नचे नकाशे. आगीच्या विम्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून काढलेले, हाताने रंगवलेले. वीट गुलाबी, लाकूड पिवळं. एका कोपऱ्यावरचा प्लॉट आम्ही घेणार होतो, वर फक्त गवत. १९२० च्या दशकातल्या पानावर त्याच कोपऱ्यात दोन छोटी वर्तुळं, आत ‘जी. टी.’. गॅसोलीन टँक. जमिनीवरून यंत्र फिरवलं, दोन्ही टाक्या तिथेच. विकणाऱ्याला म्हटलं काढून द्या, किंमत कमी करा, नाहीतर राम राम. त्याने काढल्या.

आता उलटं उदाहरण. त्याच गल्लीत दुसरा प्लॉट शहराने करबुडवेगिरीत जप्त म्हणून तपासणी न करता घेतला. पूर्वी तिथे ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, त्यातलं रसायन जमिनीत मुरलेलं. तो नऊ वर्षं जाळीच्या कुंपणात पडून आहे. फुकट मिळाला होता.

कोपऱ्यातला टेबलफॅन:

अवांतर: सासूबाईंचं ‘कंपनीचं पाणी’ वाचून आठवलं. आमच्याकडे नाल्याच्या रंगावरून आज कुठला माल चाललाय ते लोक सांगायचे. लाल म्हणजे दिवाळी जवळ आली. आम्ही त्यात होड्या सोडल्यात.

फ्लॅट नं. ४०४:

सगळ्यांचं वाचलं. आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

मी सी-१ इमारतीत राहतो. म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा. चार वर्षं झाली नोटीस लागून. संक्रमण शिबिरात जागा नाही, भाडं परवडत नाही, म्हणून जिन्याला लोखंडी टेकू लावून राहतो. आईच्या खोलीत छताचा गिलावा पडला तेव्हा ती योगायोगाने स्वयंपाकघरात होती.

तुम्ही म्हणता माती तपासा. तपासा. पण आपल्याकडे एक नवी तपासणी म्हणजे एक नवं टेबल, आणि टेबलाला दर असतो हे इथे कुणाला सांगायला नको. ओहायोत १८० दिवसांत अहवाल शिळा होतो, आमच्याकडे १८० दिवसांत फाईल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाते. आणि समजा माती वाईट निघाली. पुढे काय? पालिका म्हणेल मग घेत नाही. मालक आनंदाने आरक्षण उडवेल, तीच जमीन मोकळ्या बाजारात विकेल आणि तिथे टॉवर होईल. विष तिथेच, फक्त शिबिर गेलं. आणि मी टेकूखाली.

शहरात गरिबाला द्यायला स्वच्छ जमीन उरलीय कुठे? मुंबईत कापड गिरण्यांच्या जमिनींच्या वेळी बघितलं ना. १९९१ मध्ये ठरलं की एक तृतीयांश पालिकेला मोकळी जागा म्हणून, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये हिशेब फक्त रिकाम्या जमिनीवर आणला आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. आमच्या वाट्याला तुकडे आले. त्या तुकड्यांवर आता आणखी चाळणी लावायची?

शिधापत्रिका:

४०४, शिव्या नाही देणार. तुमच्या जागी मीही हेच लिहिलं असतं. पण मी मुंबईतल्या माहुलला जाऊन आलेय, एकदा नाही, तीन वर्षं दर शनिवारी. म्हणून उत्तर देते.

माहुलला ७२ इमारती आहेत, १७ हजारांवर घरं, प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना, रसायनांच्या टाक्या. इमारती बांधल्या तेव्हा हे सगळं तिथे होतंच, काही नंतर उगवलं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये हरित लवादाने म्हटलं की इथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. त्या निकालात केईएम रुग्णालयाच्या पाहणीचा आधार होता. आणि त्यानंतर, निकालानंतर हं, तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून हजारो कुटुंबं तिथेच पाठवली. का? कारण घरं बांधून तयार होती. रिकामी होती. पैसा, टीडीआर, सगळं खर्ची पडलं होतं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की या लोकांना तिथे राहायला भाग पाडता येणार नाही, दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार अनामत द्या.

एक बाई मला ओटा पुसून दाखवायच्या. सकाळी पुसलेला, दुपारी पुन्हा पांढऱ्या फडक्याने. फडकं बघा म्हणायच्या. बोलायच्या काहीच नाहीत, फडकं पुढे करायच्या.

४०४, ‘पुढे काय’ हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण जमीन घेऊन झाल्यावर, इमारती उभ्या राहिल्यावर ‘पुढे काय’ याला एकच उत्तर उरतं: कुणालातरी तिथे पाठवा. आणि ते ‘कुणीतरी’ तुम्ही-आम्हीच असतो. खरेदीच्या आधी विचारलं तर निदान तीन-चार उत्तरं शक्य असतात.

फ्लॅट नं. ४०४:

मान्य आहे, पण टेकू माझ्याच जिन्याला आहे.

पावसाळी छत्री:

इंग्लंडमधून. ब्युरेटरावांनी बाटली घेऊन जाऊ नका म्हटलं त्यावरून इथलं कॉर्बी गाव आठवलं. तिथला पोलाद कारखाना १९८० मध्ये बंद पडला. गावाचा रोजगार बसला, म्हणून नगर परिषदेने ती प्रचंड जमीन घेतली आणि पुनर्विकासासाठी साफ करायला काढली. हेतूला नाव ठेवायला जागा नाही. पण विषारी गाळ उघड्या ट्रकांतून गावातल्या रस्त्यांवरून वाहून नेला, वर्षानुवर्षं. गाळ रस्त्यावर सांडायचा, वाळायचा, धूळ व्हायची. त्या काळात गरोदर असलेल्या बायकांची काही मुलं हातापायांची बोटं नसलेली जन्मली. २००९ मध्ये कोर्टाने परिषदेचा निष्काळजीपणा धरला.

माझं म्हणणं एवढंच की विषारी जमीन घेणं हा गुन्हा नाही. कुणीतरी सार्वजनिक संस्थेनेच ती घेऊन साफ करायला हवी, खासगी माणूस कशाला करेल? पण आत काय आहे आणि ते बाहेर कसं न्यायचं, हे फावडं लावण्याआधी माहीत हवं.

तिरकस:

देवनारचा कचरा डेपो राहिला की. १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेतोय. २०२४ मध्ये त्यातली सुमारे १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरलं, आणि २०२५ मध्ये पालिकेने निविदा काढली, १८५ लाख टन जुना कचरा हलवण्यासाठी. आधी पंगत मांडली, मग पत्रावळी धुवायला घेतल्या.

खडीचा ढीग:

तिरकसराव, पत्रावळी धुतायत हेही नसे थोडके. पण क्रमाचा मुद्दा अगदी नेमका.

देवनारबाबत एक कायदेशीर फट आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषित करणारा शोधून खर्च त्याच्याकडून घ्यायचा, तो सापडला नाही तर सरकारने करायचा. देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या आहेत आणि काम सुरू झालंय ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी. पण घनकचऱ्याच्या डेपोंना हे नियम सरसकट लागू नाहीत. खाणी आणि किरणोत्सारी कचराही बाहेर.

बाईंचा प्लॉट मात्र आत बसू शकतो. बाई, जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला पत्र द्या, ‘संशयित दूषित स्थळ’ हे शब्द वापरून. शब्द महत्त्वाचे. ‘पिवळं पाणी येतं’ लिहिलंत तर पत्र मलनिःसारणकडे जाईल.

४०४ ना उत्तर देतो, कारण त्यांचा मुद्दा सगळ्यात जड आहे. नवं टेबल नको, खरं आहे. पण १२७ ची मुदत २४ महिने आहे, आणि जुने कागद वाचून, जागा फिरून, सहा-सात बोअर घेऊन अहवाल यायला त्यातला थोडाच वेळ लागतो. मोजणीची फी भरली त्याच दिवशी हेही सुरू करता येतं. माती खराब निघाली म्हणून आरक्षण सोडा असं कुणी म्हणत नाही. साफसफाईचा खर्च किमतीतून किंवा टीडीआरमधून वजा करा. ज्याने गाळे भाड्याने देऊन वर्षानुवर्षं पैसे खाल्ले, त्यालाच पालिका आज स्वच्छ जमिनीचा भाव देते. ही सूट बंद झाली की बघा मालक स्वतःच किती लवकर साफ करतो.

एरीकाठचा:

हाच मुद्दा इथे कायद्यात कसा बसवलाय ते सांगतो. शहर केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा पैसा वापरणार असेल, तर पर्यावरण पुनरावलोकन होऊन निधी मोकळा झाल्याचं पत्र येईपर्यंत खरेदीचा पक्का करार करायलाच बंदी. कारण स्वच्छ लिहिलंय: पर्याय कमी करणारं कोणतंही पाऊल आधी टाकू नका. मधल्या काळात नाममात्र रकमेवर जागा अडवून ठेवता येते, पण सुटका ठेवून. आपली इसार पावती, फक्त ‘माती नीट निघाली तर’ या अटीवर. शिधापत्रिकाताईंनी माहुलबद्दल जे लिहिलं ते आमच्या नियमपुस्तकापेक्षा चांगलं समजावलंय.

पण फार हुरळूनही जाऊ नका. फेज वनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस, शिशाचा रंग, रेडॉन हे धरलेलंच नाही, ते वेगळं मागावं लागतं. आणि गरीब वस्तीत प्रत्येक जुन्या गॅरेजवर संशयाचा शिक्का बसला की खासगी पैसा तिकडे फिरकत नाही. काही गल्ल्या आम्ही तपासून तपासून ओसाड केल्या आहेत. नुसता अहवाल आणि साफ करायला पैसा नाही, हे तपासलं नाही त्यापेक्षा फार बरं नाही.

वांगणी लोकल:

काका, जुने कागद म्हणजे आपल्याकडे कुठले? सॅनबॉर्न आपल्याकडे कुठून आणणार?

खडीचा ढीग:

आहेत की. कारखाना परवान्याची नोंदवही. प्रदूषण मंडळाची संमतीपत्रं. अग्निशमनचे ना-हरकत दाखले. वीज कंपनीचं औद्योगिक जोडणीचं रेकॉर्ड. मालमत्ता कराची जुनी बिलं, त्यात वापर लिहिलेला असतो. नगर भूमापनाचे जुने नकाशे. आणि गाळ्यात काम केलेली माणसं, ती अजून त्याच आळीत राहतात. चहा पाजा, टाकी कुठे होती ते बोट ठेवून दाखवतील.

गच्चीवरची बाग:

सगळ्यांचे आभार. ब्युरेट, आळीत दोन बोअर आहेत, दोन्हीकडे सांगून आले. एकांनी ऐकलं. पत्रं तुम्ही सांगितलेल्या शब्दांत दिली. माहिती अधिकारात अर्जही टाकलाय: सदर भूखंडाच्या माती परीक्षणाची प्रत मिळावी. काकांचं ऐकून एका जुन्या पॉलिशवाल्या आजोबांकडे गेले होते. त्यांनी हात पुढे केला. नाकाच्या पडद्याला भोक आहे म्हणाले, सगळ्याच जुन्या कामगारांना असतं. टाकी पिंपळाच्या बाजूला, जमिनीत पुरलेली.

ब्युरेट:

नाकाचा पडदा. ही क्रोमचीच खूण. मग माझी पदवी सुरक्षित आहे. वाईट वाटतंय लिहिताना.

गच्चीवरची बाग:

धागा वर काढतेय. सात आठवड्यांनी उत्तर आलं.

पत्रात एकच ओळ: ‘सदर भूखंडाचे माती परीक्षण करण्यात आलेले असून अहवाल समाधानकारक आहे.’ सोबत अकरा पानं. मी खूश. मग नवऱ्याने पानं बघितली, तो बांधकामातला आहे. म्हणाला, अगं हे भार पेलण्याचं परीक्षण आहे. पाया किती खोल घ्यायचा त्याचं. मुरूम कुठे, खडक कुठे, हातोड्याचे किती ठोके बसले. क्रोमचा क सुद्धा नाही.

पण बोअर मारणाऱ्या माणसाने प्रत्येक भोकाची नोंद हाताने भरलीय. शेवटचा रकाना शेऱ्याचा, बहुतेक रिकामा. बोअर क्र. ३, पिंपळाच्या बाजूचा. खोली २.८ मीटर. शेरा: ‘पाणी लागले. रंग पिवळा. कामगाराच्या हाताला आग.’

खडीचा ढीग:

त्या पानाची साक्षांकित प्रत आजच मागा. मूळ फाईल हलायच्या आत.